माप बरोबर होतं

दोष बद्रीनाथचा होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण कागदावर दोष माझा लिहिलाय.

मी एक माप बोलतोय. बंदुकीची दारू मोजायचं पितळी माप, अंगठ्याएवढं. सध्या पोलीस ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत, कापडी पिशवीत पडलोय. पिशवीला चिठ्ठी आहे: ‘पितळी माप, नग एक, सदोष.’ सदोष हा शब्द मला मान्य नाही. पण मापाला कोण विचारतो?

माझा जन्म संभाजीनगरच्या आयटीआयमधला. कन्नडकडच्या एका गावातला शिवराज तिथं टर्नरचं शिकत होता. उरलेल्या पितळी गजाचा तुकडा त्यानं लेथवर चढवला आणि मला कातून काढलं. दारूचं माप पितळेचंच पाहिजे, लोखंडाची ठिणगी पडते, हे त्याला माहीत होतं. आतून पोकळ, बाहेरून गुळगुळीत असा मी तयार झालो. बुडाला त्याचं नाव कोरायचं तेवढं राहिलं. राहिलं, कारण त्याच आठवड्यात त्याचा आजा त्याला न्यायला आला.

आजा म्हणजे बद्रीनाथ. गाव त्याला आबा म्हणतं. मक्याला डुकरं लागली होती, शिवराजचा बाप ट्रकवर बाहेरगावी, आणि राखणीला घरातलंच माणूस पाहिजे असा आबाचा हट्ट. दोन महिन्यांसाठी न्यायचं म्हणाला. शिवराज म्हणाला, हजेरी कमी पडंल, नाव कापतील. आबा म्हणाला, “लोखंड कातून काय कलेक्टर होणारेस का?”

नाव कापलं गेलं. आबानं त्याबद्दल एक शब्द काढला नाही. मोठी माणसं चूक झाली की गप्प बसतात, आणि आपण त्याला त्यांचा मोठेपणा म्हणतो.

घरात ठासणीची बंदूक होती. पीकरक्षणाचा परवाना आबाच्या नावावर. दारू नळीत ओतायची, वर चिंधी कोंबायची, गजानं ठासायची. मी यायच्या आधी आबा दारू तळहातावर घ्यायचा आणि म्हणायचा, झालं. किती झालं, हे त्यालाही सांगता यायचं नाही. हातात चाळीस वर्षांचा अंदाज आहे म्हणायचा. हात कापायला लागून पाच वर्षं झाली होती, ती त्यानं धरली नव्हती.

त्या गावात दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की पारासमोर आबा आभाळात एक बार काढतो, मग लोक शीव ओलांडायला निघतात. मागल्या दसऱ्याला दारू दमट होती. फुस्स झालं, धूर आला, बास. लोक हसले. हसून विसरले असते, पण आबा चिडला, आणि चिडणाऱ्याला गाव सोडत नसतं. वर्षभर त्याचं नाव ‘फुसका बार’ पडलं. गिरणीत, जीपमध्ये, सोसायटीच्या ओट्यावर. जीपवाला म्हणायचा, “आबा, म्होरं बसा, मागं बसले की फुस्स व्हतंय.”

खरं तर यात रडण्यासारखं काय होतं? पण म्हातारा आतून पेटला.

शिवराजनं त्याचा मान राखायचं मनावर घेतलं. याच आज्यानं त्याचं शिक्षण तोडलं होतं, तरी. मला खिशात घालून तो एसटीनं शहरात गेला, बंदुकांच्या परवान्याच्या दुकानातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडं. मिस्त्रीनं कागदावर तीन प्रकारची दारू ओतली. एक मोहरीसारखी जाड, ती जत्रेत उडवायच्या उखळीची. दुसरी खसखशीसारखी, ती या बंदुकीची. तिसरी पिठासारखी, राखाडी, फटाक्यातली. तिच्यावर त्यानं बोट ठेवलं.

“ये बंदूक में कब्बीच नै. माप बंदूक का नै रहता मियाँ, दारू का रहता. दारू बदली तो माप झूटा.”

शिवराजनं ते वाक्य दोनदा म्हणून घेतलं. मिस्त्रीनं सांगितलं तेवढीच खसखशीसारखी दारू मावावी म्हणून त्यानं तिथंच बसून मला कानशीनं घासून बसकं केलं. काठोकाठ म्हणजे एक बार. वर नाही, खाली नाही.

मिस्त्रीच्या ओळखीचा एक वर्कशॉपवाला वाळूजला होता. परतताना शिवराज त्याच्याकडं गेला. दाखवायला प्रमाणपत्र नव्हतं, म्हणून मला दाखवलं. त्यानं मला उजेडात धरलं, कडेवरून नख फिरवलं.

“कुणी केलं?”

“मीच.”

“आयटीआय सोडलं का काढलं?”

“आज्यानं सोडवलं.”

तो हसला. म्हणाला, हात चांगलाय, दसरा करून सोमवारी ये. शिवराजनं मला मुठीत घट्ट धरलं. एसटीत बसला तरी मूठ सोडली नाही. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस तो.

घरी त्यानं आबाला सगळं सांगितलं. मिस्त्रीकडनं आणलेला दारूचा डबा दाखवला, माप दाखवलं, मिस्त्रीचं वाक्य सांगितलं. आबानं मान डोलावली. आणि दसऱ्याच्या सकाळी तो पुंजारामकडं गेला. पुंजाराम जत्रेसाठी बाँब वळणारा. आबाला या वर्षी आवाज पाहिजे होता, गाव हादरंल असा. मी त्याच्या बंडीच्या खिशात होतो, म्हणून ऐकलं.

पुंजाराम म्हणाला, “आबा, ही बंदुकीची नाय. हिला कागदात बांधतेत, लोखंडात नाय.”

“दारू ती दारू,” आबा म्हणाला. “माप हाय की माझ्याकडं.”

पुंजारामला कळत होतं. तरी त्यानं पुडी बांधून दिली. वडीलधाऱ्याला नाही कसं म्हणायचं? या एका वाक्यानं किती जणांचा घात केलाय, याचं माप कुणाकडं नाही.

शिवराज आपट्याची पानं आणायला गेला होता. बंदुकीला झेंडूचा हार घातला, मलाही कुंकू लागलं. आबानं ती पिठासारखी दारू माझ्यात भरली. काठोकाठ. मी जागा मोजतो, जोर मोजत नाही. मला ओरडता येत नाही. मी त्या दिवशी बरोबर भरलो, हेच माझं दुःख.

चार वाजता पारासमोर गाव जमलं. आबाचा हात कापत होता, म्हणून त्यानं बंदूक नातवाच्या हातात दिली. वर मोठेपणा असा, की या वर्षीचा मान नातवाला.

शिवराजनं विचारलं, “आबा, मापानं घातली ना?”

“मापानंच घातली.”

खोटं नव्हतं. कोणती घातली, हा दुसरा प्रश्न त्याच्या तोंडावर आला होता, मी पाहिला. पण चार माणसांत मोठ्यांना दोनदा विचारायचं नसतं, हे त्याला चालायला यायच्या आधीपासून शिकवलेलं. त्यानं नळी वर केली.

आवाज शिवेपलीकडं गेला. आधी लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग नळी फाटलेली दिसली.

त्याला शहरातल्या घाटी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं, आणि मी हवालदाराच्या पिशवीत गेलो. दुसऱ्या दिवशी त्याच पिशवीतून मी जबाब ऐकला. आबा खाटेच्या पायथ्याशी उभा राहून म्हणाला, “माप पोरानं बनवलं व्हतं. त्यात चूक निघाली.” पुंजाराम तिथंच होता. त्यानं खिडकीबाहेर पाहिलं.

माप माझंच चुकलं असं लिहिलेल्या जबाबावर शिवराज सही करेना. त्याची आई चतुराबाई त्याच्या केसांतून हात फिरवत होती. रडत नव्हती, थकली होती. “शिवा, कर बाबा सही. आज्याला या वयात कोर्टात उभं करतो का? त्यांचं वय बघ.”

“माय, माझं वय बघितलं का कुणी?”

तिनं कागद त्याच्या पुढ्यात सरकवला. त्यानं उजव्या हातानं सही केली.

आता आबाला कुणी फुसका बार म्हणत नाही. तो पारावर बसतो, लोक सरकून जागा देतात.

मध्ये शिवराज ठाण्यात कशाच्या तरी कागदासाठी आला होता. हवालदारानं विचारलं, केस संपल्यावर हे माप न्यायचं का? तो म्हणाला, नको. मला राग आला नाही. माझ्याकडं बघितलं की त्याला तो लेथ दिसत असणार.

माझं मागणं एवढंच, की मला एकदा पिशवीतून काढा आणि मिस्त्रीच्या डब्यातली दारू भरून मोजा. मी बरोबर भरंन. आणि जे कुणी वाचत असाल, तरणे असाल, तर दुसरा प्रश्न विचारा. चार माणसांत विचारा. मोठ्यांना राग येईल, येऊ द्या.

शिवराजच्या डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं गेली. त्या सोमवारी वाळूजच्या लेथवर दुसरा माणूस उभा राहिला.