बकरीच्या केसांची मासोळी

“ही मासोळी बांधली कुणी?” ओसरीवर बसलेल्या ऋषिराजनं गळ उजेडात धरून विचारलं. मासेमारीच्या हौसेपायी तो पुण्याहून आला होता.

आत नकोशी भाकरीचं पीठ मळत होती. तिचे हात थांबले.

“आमच्या शंभूनं,” बिरदेव आबा म्हणाले. “दुसरं कोन बांधनार?”

झालं! परात उचलून अंगणात भिरकावून द्यावी, असं नकोशीला वाटलं.

आबांची मेंढरं कधीच गेली होती. आता उजनी धरणाच्या फुगवट्यावर ते मरळ मासे धरत, आणि त्यासाठी लागायची ही खोटी मासोळी. गळाच्या दांडीवर काळ्या बकरीच्या शेपटीचे केस, मधे जरीची चमक, वरून दोऱ्याचे वेढे. पाण्यातून हिसके देत ओढली, की जिती मासोळीच पळतेय म्हणावं. केस नकोशी निवडायची, बांधायचीही तीच. जरीची तार तर तिच्या लग्नाच्या शालूतली होती. नवरा वारल्यावर सणसरच्या सासरहून माहेरी आली, ती तेवढा शालू घेऊन.

“बांधून दाखवा की, शंभूराज,” ऋषिराज म्हणाला. “व्हिडिओ करतो. खाली तुमचं नाव टाकू, लोक शोधत येतील.”

नकोशीच्या भावाचा, शंभूराजचा, चेहरा पडला. ह्या गड्याला साधं शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. आबा लगबगीनं आत आले.

“नकोशे, एक बांध पटदिशी. शेवटची गाठ तेवढी ठेव. ती शंभू मारंल.”

“मीच बसते की तितं, आबा. माझंच काम हाय न्हवं?”

“खुळी का काय तू? बाईमानसानं गळ बांधला म्हनल्यावर लोक हसतील. पोराचं नाव हुतंय, हू दे.”

“आन् माझं?”

“तुला काय करायचंय नाव?” आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं.

ती बांधायला बसली. एक वेढा सैल ठेवला असता, तर शंभूच्या हातात सगळे केस सुटून आले असते. तसं मनात आलंही. पण बोटं ऐकेनात. दोरा आवळतच गेली. स्वतःच्याच बोटांचा तिला संताप आला.

बाहेर शंभूराजनं शेवटची गाठ ओढली. ऋषिराज “वा!” म्हणाला. नकोशी चहा घेऊन गेली, तेव्हा त्यानं मोबाइल जरा बाजूला घेतला, चित्रात तिचा हात येऊ नये म्हणून.

आठवडाभर गावात शंभूराजचा व्हिडिओ फिरत होता. पारावर लोक त्याची पाठ थोपटत होते. आबा तर भेटेल त्याला दाखवत होते.

मग एका सकाळी मरळीनं दोरीसकट मासोळी तोडून नेली. आबा पाण्यावरून चिडून परत आले.

“नकोशे, मासोळी दे गं एक. मरळ हाय अजून तितंच!”

नकोशीनं कोनाड्यातला डबा काढला. नुसता गळ, दोरा आणि केसांची चिमूट आबांच्या तळहातावर ठेवली.

“हे काय?”

“शंभूकडनं बांधून आना,” ती म्हणाली. “शेवटची गाठ तेवढी मी मारते.”

आबा तळहात तसाच पुढं धरून उभे राहिले. पाण्यावरून वारा आला. केस उडून अंगणभर पांगले. नकोशीनं ते पाहिलं आणि चुलीत लाकूड सारलं.