गेंड्याच्या पोटातली वीट

"मॅडम, तुमचा रोबो कधी पेटलाय का हो?"

सभागृहात असा हशा उसळला की मागच्या रांगेतल्या खुर्च्यासुद्धा करकरल्या. विचारणारी होती पुटपुटी. उत्तर येत असलं तरी ते स्वतःच्या कॉलरलाच सांगायची सवय, म्हणून हे नाव. लंबू आणि खारूताई या जिवाभावाच्या मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं, "पाहुण्या बाईंना हे विचारून दाखव, मग तुला मानलं!" आणि आज काय अंगात आलं कोण जाणे, पुटपुटी ताडकन उठली आणि खणखणीत आवाजात विचारून मोकळी झाली.

मंचावरच्या इंजिनिअर बाई मात्र गंभीर होत्या. "माझा नाही, शेजारच्या टेबलावरचा पेटला. जाता जाता माझी बॅग, माझा डबा आणि अर्धी भुवई घेऊन गेला." पुन्हा हशा. "प्रश्न चांगलाय. रोबो पेटत नाही, पेटते ती बॅटरी. लिथियमची ती चपटी बॅटरी हलकी, ताकदवान आणि भलती तापट. ती फुगली की संपली. दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला तर लावायचीच नाही."

"पण फुगलीय हे कळणार कसं?" हा प्रश्न मैत्रिणींचा नव्हता. तो पुटपुटीचा स्वतःचा.

"सपाट टेबलावर ठेव. उशीसारखी डुगडुगली की समज."

अशी एक डुगडुगणारी बॅटरी तिच्या चांगल्या ओळखीची होती.

शाळेच्या रोबो संघात ती होती खरी, पण पोस्टर रंगवण्यापुरती. संघाचा रोबो म्हणजे गेंडा. स्पर्धा ढकलाढकलीची, गोल फळीवर दोन रोबो सोडायचे आणि दुसऱ्याला फळीखाली पाडायचं. गेंड्याच्या पोटात असायची 'खानदानी बॅटरी'. निरोप घेणारी प्रत्येक कप्तान तिच्याभोवती रंगीत टेपचा वेढा घालायची, वर सही ठोकायची आणि टाळ्यांच्या कडकडाटात ती नव्या कप्तानच्या हाती सोपवायची. यंदा ती डब्यात बसेना, तर सगळ्यांनी मिळून कानस घेतली आणि डबाच घासून मोठा केला! "टेपचे थर वाढलेत गं," कप्तान म्हणाली होती, आणि सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना हलवल्या होत्या. पुटपुटीनेसुद्धा.

कार्यक्रम संपताच ती धावत प्रयोगशाळेत गेली. मागोमाग लंबू, खारूताई आणि संघातल्या बाकीच्याही आल्या. बॅटरी टेबलावर ठेवून तिने वर मोजपट्टी आडवी टाकली. पट्टी सीसॉसारखी या टोकाला वर, त्या टोकाला खाली.

"हे बघा! टेप सगळीकडे सारखाच गुंडाळलाय ना? मग फुगवटा फक्त मधेच कसा? आपण टेपच्या आत बॅटरीचं पोट झाकत बसलोय!"

"ए, ती संघाची शान आहे," कप्तान उसळली. ती एक इयत्ता पुढे होती आणि बोलण्यात दहा. "स्पर्धा तोंडावर आलीय आणि हिला फुगवटे दिसतायत! सगळ्या कप्तानांनी हीच वापरलीय."

"म्हणूनच म्हातारी झालीय ती."

खारूताई फिस्सकन हसली. तेवढ्यात विज्ञानाच्या बाई आल्या. त्यांनी पट्टी डुगडुगताना पाहिली आणि त्यांचा चेहराच उतरला. पुढच्या मिनिटाला खानदानी बॅटरी वाळूच्या बादलीत, बादली मोकळ्या अंगणात, भिंतीपासून लांब. जुन्या बॅटऱ्या गोळा करणाऱ्या केंद्रात बाई ती स्वतः पोचवणार होत्या.

"आता गेंड्याला काय, चावी भरायची?" कप्तान म्हणाली. नवी लिथियम मागवायला वेळ नव्हता. कपाटात एक निकेलचा पॅक होता, सहा सेलचा, नवाकोरा. जड म्हणून त्याला कुणी हातही लावला नव्हता.

"वीट आहे ती वीट!" कप्तानने नाक मुरडलं.

"असू दे वीट," पुटपुटी म्हणाली. "व्होल्ट जवळपास तेवढेच, आणि स्वभाव थंड. मी लावते."

"ठीक. पण गेंडा हरला तर बॅटरी, वायर, चार्जर, कशालाच हात लावायचा नाही. जन्मभर पोस्टर!"

"कबूल," पुटपुटी म्हणाली आणि मग घाबरली. कारण पोस्टरच्या पुढे काय ते ठरलेलंच होतं. घरात सगळे म्हणायचे, ही आपली शांत, हिला आत्याच्या हिशेबाच्या ऑफिसात बसवू, तिथे फार बोलावं लागत नाही. जणू बोलायला ही कधी शिकणारच नव्हती.

लंबूने उत्साहात पॅक चार्जरला जोडला आणि बटणाकडे बोट नेलं.

"थांब!"

अख्खी प्रयोगशाळा दचकली. पुटपुटीचा असा आवाज कुणी ऐकलाच नव्हता. "चार्जर अजून लिथियमवर आहे. हा निकेलचा पॅक. आधी तिथे निकेल निवड, मग बटण दाब. आणि चार्ज होईपर्यंत खोली सोडून कुणी हलायचं नाही."

"बाप रे, हिटलरीण!" लंबू म्हणाली, पण हात मागे घेऊन.

मग खरं काम सुरू झालं. पुटपुटीने फ्यूज बसवला, तांबडी वायर तांबड्याला आणि काळी काळ्याला दोनदा तपासली आणि गेंडा भिंतीला ढकलायला सोडला. चाकं अडली की मोटर सगळ्यात जास्त करंट ओढते, तेव्हा परीक्षा घ्यायची तर तेव्हाच. पॅकला हात लावला तर नुसता कोमट. गेंडा मात्र ढकलताना नाक वर करायचा आणि पुढची चाकं जागच्या जागी गरगर फिरायची.

"बघ, दम नाही तुझ्या विटेत," कप्तान म्हणाली.

पुटपुटी गुडघ्यांवर बसली आणि गाल जमिनीला टेकवून बराच वेळ बघत राहिली. दम होता की! चाकंच घसरत होती. आणि चाक घसरू नये म्हणून त्यावर काय हवं? वजन! डब्यात मावेना म्हणून पॅक मागे टांगलेला होता. तिने तो काढून थेट पुढच्या चाकांच्या वर, तळाला अगदी चिकटवून पट्ट्यांनी आवळला. वजनकाट्यावर गेंडा मर्यादेत होता, जेमतेम, पण होता. पुन्हा भिंत. या वेळी नाक खाली, चाकं घट्ट. मग गेंडा टेबलाच्या पायाला भिडवला, तर टेबलच हूं म्हणून सरकलं.

कप्तानने स्क्रू ड्रायव्हर पुढे केला.

स्पर्धेच्या दिवशी पहिला रोबो गेंड्याला येऊन धडकला आणि चेंडूसारखा उडाला. दुसरा फळीच्या कडेपर्यंत उलटा रेटला गेला आणि खाली पडला. लंबूचा घसा बसला, खारूताईने नखं खाऊन संपवली. अंतिम फेरीत समोर होता 'पातं', गेल्या वर्षीचा विजेता. हलका, चपळ, पुढे उताराची धार. धार गेंड्याच्या नाकाखाली शिरली आणि सभागृहाने श्वास रोखला. आता गेंडा उचलला जाणार!

गेंडा उचलला गेला नाही. पोटातल्या विटेने त्याला फळीला खिळवून ठेवलं होतं. पात्याची चाकं कर्रर्र करत घसरली आणि गेंडा अगदी रुबाबात, सामान सरकवल्यासारखा, त्याला मागे, मागे, आणखी मागे रेटत गेला. धप्प!

"वीट! वीट! वीट!" हा गजर सुरू केला तो चक्क कप्तानने. पुढच्या क्षणी तिने पुटपुटीला उचललंच. "आता हिला कोण पुटपुटी म्हणतंय बघतेच!"

चषकात फुलं होती. ती खारूताईने काढून टाकली आणि गेंड्याला आत बसवून घरापर्यंत मिरवणूक नेली.

घरी बाबा शिवणयंत्रावर होते, आई नुकतीच रुग्णालयातून ड्यूटी संपवून आलेली, बूटसुद्धा पायातच. दोघांनी चषक पाहिला, गेंडा पाहिला, लेकीचं वंगणाने माखलेलं नाक पाहिलं.

"अगं, जिंकलात?" आईने तिला जवळ ओढलं. "आणि घसा का असा बसलाय?"

"ओरडून! आई, बाबा, एक सांगायचंय."

बाबांनी यंत्र थांबवलं. "हळू बोललीस तरी ऐकू येतं बाळा."

"हळू नाही बोलणार. आत्याला आजच कळवा, तिच्या ऑफिसातली खुर्ची माझ्यासाठी अडवून ठेवू नकोस म्हणून. दहावीनंतर मी इलेक्ट्रिकलला जाणार. विचारत नाहीये हं, सांगतेय."