आभाराचा ठराव

उपसभापती लीलाधरभाऊ उभे राहिले आणि म्हणाले, शेवटचा विषय घेण्याआधी एक गोड काम उरकून घेऊ. पंचायत समितीच्या सभापती झुंबरबाई यांच्या आभाराचा ठराव मांडतो.

झुंबरबाई खुर्चीत अवघडल्या. शेवटचा विषय त्यांच्या गावचा, बौद्धवाड्याच्या नळाचा होता. पाइप मारुतीच्या पारापर्यंत येऊन थांबला होता आणि तिथल्या नळावर बौद्धवाड्यातल्या बायकांचा नंबर नेहमी सगळ्यांच्या मागे. हा विषयही दर सभेत मागे पडायचा. ब्याण्णवच्या निवडणुका तोंडावर होत्या, मुदत संपत होती, ही शेवटचीच सभा. आज नळ मंजूर करूनच येते, असं त्या सासूला सांगून निघाल्या होत्या.

दोन गटांचं एकमेकांशी जमेना, म्हणून मधे या गरीब बाईला बसवलेलं. दोघांच्याही सोयीची.

आता आभाराच्या ठरावाला सभापतीनं खुर्चीत बसायचं नाही, उपसभापतीनं बसायचं, अशी तिथली पद्धत. आपलं कौतुक आपणच कसं मंजूर करायचं? झुंबरबाईंना ते पटलं. पदर सावरून त्या खाली आल्या, लीलाधरभाऊ वर जाऊन बसले.

मग काय विचारता! ज्यांनी बाईंना कधी दोन वाक्यं पुरी बोलू दिली नाहीत, ते त्यांच्या कारभारावर भरभरून बोलले. ज्यांना त्यांच्या घरचा चहा चालत नसे, ते त्यांना माउली म्हणाले. एकानं डोळ्यांना रुमाल लावला. रडणंही त्याला छान जमलं. ठराव एकमतानं मंजूर झाला. शाल आली, नारळ आला. आणि टाळ्या थांबायच्या आत लीलाधरभाऊंनी सभा संपल्याचं जाहीर केलं.

"भाऊ, नळाचा विषय राहिला," झुंबरबाई म्हणाल्या.

"आता कसला विषय, अक्का? सभा संपली. चला, शेवभाजी गार होते."

बाईंना सगळं कळलं. खुर्ची आपण आपल्या पायांनी सोडली, याचीच त्यांना सगळ्यात जास्त चीड आली. जेवायला त्या थांबल्या नाहीत. जीप कुणी विचारली नाही, त्यांनीही मागितली नाही. एसटीनं घरी आल्या.

सासू, द्रौपदाबाई, दारातच बसली होती. "नळनं काय व्हयनं व, झुंबर?"

"काही नही व्हयनं, माय. सगळासनी मना आभार मानात."

म्हातारीनं शाल हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली.

सकाळी झुंबरबाई हंडा घेऊन पारापाशी गेल्या आणि सगळ्यांच्या मागे उभ्या राहिल्या. नंबर आला तेव्हा ऊन चढलं होतं. हंडा भरल्यावर त्यांनी काखेतली शाल काढली, तिला पीळ देऊन गोल चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि वर हंडा चढवला. शालीची जर कपाळाला टोचत होती. ती तशीच टोचू देत त्या घराकडे निघाल्या.