पाचव्या फोटोतला हात

तो बुडबुडा काही मधे येईना. ट्रायपॉडच्या डोक्यावर काचेची एवढीशी नळी, तिच्यात हिरवट पाणी, आणि त्यात नखाएवढा बुडबुडा – एक पाय जरा सैल सोडला की डावीकडे पळतो, आवळला की उजवीकडे. धाकट्याला हे काम आवडायचं. बुडबुडा जागेवर येईपर्यंत दुसरा कसला विचार करावा लागत नाही… दादा हे घर का विकतोय, याचा तर नाहीच.

"भाऊजी, फोटो काढताय की विहीर खणताय?" स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी म्हणाली.

"घर सरळ दिसायला नको का? नाहीतर गिऱ्हाईक म्हणेल, पडायला आलंय."

"खरंच म्हणेल मग," वहिनी हसली, पण ते हसणं तिनं मधेच टाकून दिलं.

मोठं घर घ्यायचंय, असं दादानं सांगितलं होतं. आईलाही तेच. दोन माणसं, तीन खोल्या, त्याहून मोठं कशाला – हे धाकट्यानं विचारलं नव्हतं. दादाला विचारायची सवयच नाही. दादा सांगतो, आपण ऐकायचं, लहानपणापासून असंच चालत आलेलं.

"ती बारकी खोली लावून घेते," वहिनी म्हणाली.

"राहू दे उघडी," दादा सोफ्यामागे उभा राहून मोबाइल बघत होता, मान वर न करता म्हणाला. "हॉल मोठा दिसतो."

"आत पसारा आहे."

"अंधार आहे आत. काय दिसणारे?"

डोळ्याला खरंच काही दिसत नव्हतं. पण कॅमेऱ्याचं वेगळं असतं, हे दादाला कोण सांगणार… एकाच चौकटीचे पाच फोटो. पहिला इतका काळा, की फक्त खिडकीबाहेरचं झाड पानापानानं दिसतं. मग एकेक पायरी उजळ, आणि पाचवा असा, की खिडकी पांढरीफट्ट होते पण कोपरेसुद्धा बोलायला लागतात. नंतर घरी बसून पाचांचा एक करायचा – झाड पहिल्यातलं, कोपरे पाचव्यातले. एकच अट. मधे कुणी हलायचं नाही.

"हलू नका हं कुणी," तो म्हणाला, आणि बोटाचा धक्का बसू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावून मागे सरकला. क्लिक, क्लिक, क्लिक, क्लिक… पाचवा लांबत गेला. तेवढ्यात वहिनी कडेनं गेली का? गेली असावी. त्यानं परत घेतला नाही. इथेच चुकलं.

दुपारी, आपल्या खोलीत, पाचांचा एक झाला तेव्हा बारक्या खोलीचं दार विचित्र आलं – उघडंही आणि बंदही, धुरकट, आरपार दिसणारं. सॉफ्टवेअर विचारत होतं, हललेली वस्तू कुठल्या फोटोतली धरायची? म्हणून त्यानं एकेक उघडून पाहिला. चारांमधे दार सताड उघडं, आत काळोख. पाचव्यात दार अर्धवट ओढलेलं, कडीपाशी एक हात, फराटा ओढल्यासारखा… आणि उरलेल्या फटीतून ती खोली, पहिल्यांदाच, लख्ख.

जमिनीवर एकट्याची गादी. उशीशेजारी दादाचा चष्मा. खिळ्याला ऑफिसचे दोन शर्ट.

त्यानं मोठं करून पाहिलं, मग लहान केलं. लहानपणी पलंगाखाली काहीतरी आहे म्हणून आपण रडायचो, आणि दादा पोटावर सरपटत आत जायचा, आतूनच ओरडायचा – चप्पल आहे रे, येड्या, चप्पल… त्या पलंगाखाली कधीच काही निघालं नाही. किंवा निघालं असेल, दादानं सांगितलं नसेल.

काम तसं सोपं होतं. पाचवा काढून टाकायचा, चारांतून जुळवायचं, खोलीतल्या सावलीला हात लावायचा नाही. हॉल मोठा दिसेल. एजंट खूश, आई खूश – आईलाही फोटो पाठवायचेच होते. स्क्रीनवरची सावली उजळ करायची पट्टी मात्र त्याच्या बोटाखाली उगाच पुढेमागे होत राहिली.

वहिनी तर लपवतच होती. मग दादानं दार उघडं का ठेवायला लावलं? दिसणार नाही म्हणून… की दिसावं म्हणून?

फोन दादाचाच आला. "झाले का रे?"

"होतायत." त्यानं पाचवा फोटो परत उघडला. "दादा, बारक्या खोलीचं दार उघडं ठेवू की बंद?"

पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवली.

"तू बघितलंस का?" दादा म्हणाला.

"हो."

"मग एजंटला कुठलाही दे."

एरवी अशा वेळी धाकटा दादाच्या पुढच्या वाक्याची वाट बघायचा. वाक्य यायचं आणि सगळं आपोआप जागेवर बसायचं. आज ते येत नव्हतं. येणारच नव्हतं, हे त्याला आत कुठेतरी शांतपणे कळलं – आता बोलायची पाळी आपली आहे, आणि काय बोलायचं ते आपल्याला माहीत नाही, आणि नवल म्हणजे याची भीती वाटत नाहीये. पलीकडे दादाचा श्वास ऐकू येत होता. घाई नव्हती कुणालाच. त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला आणि खुर्चीत नीट बसला, जसं कुणी आपल्या शेजारी येऊन बसावं म्हणून आपण जरा सरकतो, तसा.