चाळणीसाहेबांची खुर्ची

मित्रांनो, आधी एक अडचण सांगते. मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. उघडी असते तेव्हा मला सगळे दिसते. मिटली की नुसते ऐकू येते. म्हणून माझी गोष्ट मधूनमधून तुटेल. तुटली तर जरा थांबा. कुणीतरी मला उघडेलच.

उघडली.

सुताराच्या दुकानात पहिल्यांदा उघडली, तेव्हा तो स्वतःच माझ्यावर बसला, मागे रेलला, म्हणाला, "हलत नाही." ते माझे पहिले कौतुक. पाय पिवळसर लाकडाचे, बैठक जाड हिरव्या कापडाची, बिजागऱ्या लोखंडी. एका छापखान्याने आठवडाभराच्या जादा कामासाठी मला नेले आणि मी तिथे एकतीस वर्षे राहिले.

प्रुफांची खोली अरुंद होती. एक खिडकी, एक टेबल, ओल्या शाईचा वास. तो वास अजून माझ्या कापडात आहे, असे मला उगाच वाटते. टेबलामागे मुद्रितशोधक बसत. छापलेल्या मजकुरातली एकही चूक त्यांच्या नजरेतून निसटत नसे, म्हणून छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे कामगार त्यांना चाळणीसाहेब म्हणत. माझ्यावर बसून एक तरुण बाई मूळप्रत मोठ्याने वाचत. शब्द, शब्द, स्वल्पविराम. शब्द, शब्द, पूर्णविराम. साहेब छापील कागदावर निळी पेन्सिल धरून ते ताडून पाहत.

एकदा एका रटाळ अहवालाच्या मधोमध, त्याच सुरात, बाईंनी वाचले की आज संध्याकाळी आमच्याकडे चहाला यावे, पूर्णविराम. साहेबांनी मान वर न करता मूळप्रत बघायला मागितली. खिळे जुळवणारे पुढे कित्येक वर्षे हे सांगून हसत. लग्न झाले, मुलगी झाली. ती दुपारी शाळेतून आली की माझ्या पायांमध्ये बसून रद्दी प्रुफांतून कागदी पाने-फुले कातरायची.

किती चांगले दिवस होते.

मिटली.

छापखाना बंद पडला, साहेब मला घरी घेऊन आले. घर शहरात, तिसऱ्या मजल्यावर. मी कपाटामागे उभी. नऊ वर्षे. धूळ दिसत नव्हती, पण बसत होती. फोनवरची बोलणी तेवढी कानावर पडत. मुलगी दूर एका खोऱ्यात गेली होती, तिथे तिची रोपवाटिका होती. दर रविवारी तिचे एकच. तुम्ही दोघे इकडे या, माझ्या घरात नको असेल तर जवळच्या एखाद्या छोट्या वस्तीत राहा, झाडे आहेत, पाणी आहे, मी आहे. शेवटी तिने तीन वस्त्यांची माहिती पत्रात लिहून पाठवली. आई म्हणाली, चला, बघून तरी येऊ. आता मी बाईंना आईच म्हणते, घरात सगळे तसेच म्हणत. साहेबांना बसायला म्हणून मलाही सोबत घेतले.

उघडली.

पहिली वस्ती तळ्याकाठची. साहेब माझ्यावर बसले, मांडीवर एक कागद, हातात निळी पेन्सिल. आईने उभ्याने पत्र वाचायला घेतले. जुनी सवय! मुलीचे पत्र ही मूळप्रत आणि समोरचे गाव हे प्रूफ. पत्रात लिहिले होते, तळ्याकाठी शांतता. साहेब म्हणाले, पंप चालू आहे, फुली. दुसरी वस्ती टेकडीवर होती. तिथला चढ त्यांना पटला नाही, विहीर लांब वाटली, शेजारचा कुत्रा कारणाशिवाय भुंकत होता. सगळ्यावर फुली. आईला आधी गंमत वाटत होती. मग वाटेनाशी झाली.

मी एक पाहिले होते. बसण्याआधी साहेबांचा हात माझी कड शोधायचा. पूर्वी कधी शोधत नसे. पण खुर्चीला कोण विचारतो?

मिटली.

गाडीच्या मागच्या भागात मी आडवी. मुलगी गाडी चालवत होती. मग ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बाबा, आता एकच गाव उरलंय. तेही नको असेल तर मी परत विचारणार नाही. तुम्हाला यायचं नाहीये, असं मी समजेन."

आई म्हणाली, अगं, त्यांचा स्वभावच तसा. मुलगी म्हणाली, तो मला ठाऊक आहे.

उघडली.

ओढा. अकरा घरे. पोस्ट आणि किराणा एकाच खोलीत. पलीकडे मुलीच्या रोपवाटिकेचे छप्पर. ओढ्याच्या त्या काठावर एक मोठे झाड पांढऱ्या फुलांनी असे लगडलेले की पान दिसू नये. त्यामागे पांढुरके आभाळ.

आईने वाचले, समोर फुलांनी भरलेले झाड, पूर्णविराम.

"वठलेलं आहे," साहेब म्हणाले. "फुलं कुठली? पोरीने वाढवून लिहिलंय."

त्यांनी फुली मारली. ती कागदावर पडलीच नाही, माझ्या कापडावर पडली.

आईने पत्राची घडी केली. झाडाकडे पाहिले, मग साहेबांकडे.

"अहो, कधीपासून?"

"वर्ष होत आलं," साहेब म्हणाले. "मधलं सगळं धुरकट. कडेकडेचं दिसतं."

मुलगी म्हणाली, "मग सांगायचं ना! गावांना कशाला नावं ठेवत बसलात?"

"तू बाबांना बोलावलं होतंस. सांभाळायला एक म्हातारा नव्हतास बोलावला."

मुलगी ओल्या गवतावर माझ्या पायांशी बसली. म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला प्रुफं तपासायला नाही बोलावलं."

साहेबांनी पेन्सिल खिशात ठेवली. मग हळूच विचारले, झाड खरेच भरलेय का? मुलगी सांगू लागली. आईने तिला मध्येच अडवले, खालची फांदी मोकळी आहे. मुलगी म्हणाली, मोकळी कुठे, कळ्या आहेत. दोघी वाद घालत राहिल्या आणि साहेब हसू लागले.

मग त्यांनी विचारले, "इथून तुझी रोपवाटिका किती पावलं?"

मुलीला माहीत नव्हते. ते उठले. तिच्या खांद्यावर हात ठेवून, मोठ्याने मोजत, ओढ्यावरच्या पुलाकडे निघाले. आई माझ्यावर बसून पाहत राहिली. आवाज लांब जात होता. एकशे बारा, एकशे तेरा. मग ओढ्याच्या आवाजात मिसळून गेला.

त्या दिवशी मला मिटायला सगळे विसरले.

तेव्हापासून मी साहेब आणि आईंनी इथे घेतलेल्या घराच्या दारात उघडीच आहे. बिजागऱ्या गंजल्या, आता मी मिटणार नाही. मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी खुर्ची असेल, तिला वेळेवर तेल द्या. आणि एखादे जुने माणूस असेल, सगळ्यात खोट काढणारे, तर त्याच्यावर चिडण्याआधी त्याच्याशेजारी थोडे बसा. बसायला दुसरी खुर्ची नसली, तर गवत चालते.