पांढरी चादर आणि न दिसणारा धूर

वीजघराचं धुराडं बोलतोय मी. उंची विचारू नका. वाट चुकलेले ढग मला टेकून डुलकी काढतात. खोटं वाटतं? वर येऊन बघा.

खाली कोळसा जळायचा आणि मी काळ्या धुराचा तुरा लावून मिरवायचो. समोरच्या वसाहतीत आमच्या भट्टीवाल्याचं घर. त्याची बायको रोज सकाळी ओल्या कपड्यांची बादली घेऊन गच्चीत यायची आणि आधी माझं तोंड बघायची. धूर काळा असला, की वीजघरात फोन. "हवा वाढवा जरा. माझी चादर आहे ही, तुमच्या साहेबांचा कोट नाही." तो निमूट भट्टीची हवा वाढवायचा. मी उजळलो, की तिचे चिमटे तारेवर चढायचे. इतकं निरखून मला साहेबांनीसुद्धा कधी पाहिलं नाही.

मग राख अडवणारं यंत्र आलं. कमी कोळशात तेवढीच वीज देणारी नवी भट्टी आली. माझा धूर दिसेनासा झाला. चार दिवस ती वर बघत राहिली आणि पाचव्या दिवशी तडक फाटकावर. वीजघर बंद पडलंय आणि नवरा डबा घेऊन भलतीकडेच जातो, असा तिचा ठाम समज.

"धूर नाही, मग तुम्ही रोज जाता कुठे?"

रखवालदार आठवडाभर हसत होता. भट्टीवाल्याने तिला आत नेऊन यंत्र दाखवलं. म्हणाला, "राख खालीच अडते आता. वर काही जात नाही."

तिला पटलं. त्या दिवसापासून तिने मान वर केली नाही.

थापा मी पुष्कळ मारल्यात, पण 'वर काही जात नाही' ही माझी नव्हे. राख अडली, खरं. कोळसा कमी लागतो, हेही खरं. पण जळलेल्या कोळशाचा वायू अजून माझ्याच तोंडातून जातो. त्याला रंग नाही. तो चादरीवर बसत नाही. आभाळात साठतो आणि जमिनीची ऊब कोंडून धरतो.

भट्टीवाला आता निवृत्त झालाय. परवा दोघं गच्चीत होती. घाम पुसत ती म्हणाली, "पूर्वी चादर वाळायला दुपार व्हायची. आता बादली रिकामी होईतो पहिली वाळते. एवढा उकाडा येतो कुठून हो?"

त्याने हळूच माझ्याकडे पाहिलं आणि चिमटे मोजत बसला.

बाई, मला पुन्हा काळं व्हायची हौस नाही. फक्त एकदा बादली खाली ठेवा, पूर्वीसारखं माझ्या तोंडाकडे बघा. आणि वीजघरात फोन करा.