दिव्याखालचा पत्रा

घरात कुठंतरी वाटी पडली आणि फरशीवर गोल गोल फिरत राहिली. मोहिनीचा हात जिथल्या तिथं थांबला. ती गाडीच्या पुढच्या चाकापाशी गोणपाट टाकून बसली होती. हातात झिजत आलेला पॉलिश पेपर, केसांत गंजाची तांबडी पूड. वाटी मंद होत गेली, टेकली, गप्प झाली. आता रडणं ऐकू येईल म्हणून ती कान देऊन राहिली. आलं नाही. मांजर असणार. तिनं श्वास सोडला आणि पेपर पुन्हा पत्र्याला लावला.

लेक शिवानी दुपारची झोपते तेवढाच वेळ मोहिनीचा. सकाळ डब्यात जाते, संध्याकाळ भाकरीत. मधला हा तुकडा कुणी मागत नाही, म्हणून ती तो गाडीला देते. उत्रोलीत भातं नुकतीच निसवली होती. खाचरांवरून इंद्रायणी भाताचा वास येत होता आणि कोंबड्या गाडीखाली पंख पसरून पडल्या होत्या. पेपर घासल्याचा आवाज आला की एखादी डोळा उघडायची आणि पुन्हा मिटायची.

ही फियाट तिच्या सासऱ्यांची, सोनबांची. भोरच्या स्टँडवर उभी करून त्यांनी ती उभी हयात चालवली. आंबवड्याच्या बाजूच्या कितीतरी नवऱ्या सासरी नेऊन सोडल्या, वेल्ह्याकडचे पेशंट दवाखान्यात आणले. मग जीपा आल्या, भाडी कमी झाली आणि फियाट घरामागच्या शेडात येऊन थांबली. तेव्हाच सोनबांच्या डोळ्यांवर मोतीबिंदू चढत गेला. पुढं पुढं त्यांना गाडी हातानंच दिसायची. या उन्हाळ्यात ऑपरेशन झालं, पट्टी निघाली आणि ते आधी शेडात गेले. बऱ्याच वेळानं बाहेर आले.

“अशी झाली व्हय ती,” एवढंच म्हणाले. त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मोहिनीनं बॉनेटचा एक कोपरा घासून काढला. तिचे वडील शिवऱ्याला हायवेच्या कडेला डेंटिंग-पेंटिंगचं काम करायचे. आता ते गॅरेज भाऊ चालवतो. लग्नाच्या बोलणीत मुलीला गंज काढता येतो हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगतं कोण?

सोनबा मागं येऊन उभे राहिले होते.

“ह्ये कुठं शिकलीस गं पोरी?”

“घरीच, आबा. आमच्यात भांड्यांपेक्षा मडगार्डंच जास्त घासली मी.”

सोनबा हसले. त्या दिवसापासून त्यांनी खाट शेडासमोर आणून टाकली. सकाळी ते तिथं बसून सांगत, हा ओरखडा कुठल्या वळणावरचा, हा पोचा कुणाच्या बैलाचा. आणि रोज एकदा तरी म्हणत, “गाडीनं मला कदी घाटात सोडलं न्हाई, आन् म्या तिचा एक दसरा चुकवला न्हाई.”

खरंच चुकवला नव्हता. गाडी बंद पडली तरी नाही, डोळे गेले तरी नाही. मोहिनीचा नवरा इंद्रजित बापाचं कोपर धरून त्यांना गाडीपाशी न्यायचा. धुऊन, कुंकू लावून, झेंडूचा हार घालून सोनबा नारळ फोडायचे तो उजव्या दिव्याखाली, बंपरच्या कोपऱ्यावर. एकाच घावात. जागा त्यांच्या हाताला पाठ होती.

मोहिनी आता त्याच कोपऱ्याशी आली होती. बाकीच्या गाडीचा गंज वरवरचा होता. घासत गेलं की खाली चांगला पत्रा लागायचा. इथं लागेना. तिनं स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर तो पापडातून जावा तसा आत गेला. भोकात बोटं घालून तिनं चाचपलं. दिव्याखाली पत्र्याची एक घडी होती, खिशासारखी, आणि तो खिसा भरलेला होता. करवंटीचे तुकडे. काथ्या. वाळून दगड झालेलं कुंकू. पाणी निथळायचं भोक त्यानं गच्च बुजलं होतं. दरवर्षीच्या नारळाचं पाणी इथंच साचून राहिलं होतं आणि पावसाळ्याचं त्यात भर घालत होतं.

कुणाच्या सदऱ्याच्या खिशात चुकून हात जावा तसा तिनं तो हळूच मागं घेतला.

“आई, गाडीत खोबरं हाय?”

शिवानी दारात उभी होती. गालावर गोधडीची नक्षी उमटलेली.

“खोबरं नाही गं. करवंटी.”

“कुणी टाकली?”

“चल, तोंड धुऊ आधी.”

करवंट्या तिनं पाणी तापवायच्या चुलीपाशी, चिपाडांच्या ढिगात खोचून ठेवल्या. संध्याकाळी सासूबाईंनी, ठकुबाईंनी, जाळ घालताना त्यातली एक उचलली.

“ही कुठली गं?”

“जुनी आहे, आत्या. सापडली.”

ठकुबाईंनी तिच्यावरून अंगठा फिरवला. अंगठा तांबडा झाला. त्यांनी तो पाहिला, मग शेडाकडं पाहिलं, आणि करवंटी जाळात सारून फुंकणी तोंडाला लावली.

इंद्रजित शिरवळच्या कंपनीतून आला तेव्हा मोहिनीनं त्याला जेवता जेवता हळू आवाजात सगळं सांगितलं.

“पत्रा कापावा लागणार. आबा विचारणारच, कशानं सडला म्हणून.”

“मग सांग की.”

“मी का? वडील तुमचे.”

“पत्रा तुझा.”

दोघं हसले. मग इंद्रजितनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून बसला. “त्यांनी जन्मभर कशाची पूजा केली असेल तर तिचीच केली,” तो म्हणाला. “आणि तीच पूजा...” पुढचं त्यानं वरणात बुडवून टाकलं.

रविवारी मोहिनीचा भाऊ पप्पू टेम्पोत वेल्डिंगचं सामान घालून आला. चहा झाला. सोनबा खाटेवर काळा चष्मा लावून बसले. पायरीवर ठकुबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या. पप्पू गाडीपुढं उकिडवा बसला, दिव्याखाली हात घातला आणि मोठ्यानं म्हणाला, “आयला, ताई! सगळी गाडी ठणठणीत आन् ह्यो एकच कोपरा असा कसा? आबा, हितं नळ सोडून ठेवत हुता का काय?”

इंद्रजित आधीच घट्ट असलेला वेल्डिंगच्या पाइपचा स्क्रू आणखी पिळू लागला. मोहिनीनं “पावसानं...” म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. पाऊस काय एकाच दिव्यावर पडतो?

सोनबांनी चष्मा काढला. “सांग की रं. कशानं गेला त्यो?”

“शेळ्या,” पायरीवरून ठकुबाई म्हणाल्या.

“काय?”

“शेळ्या बांदल्या हुत्या म्या हितं. बंपरला. त्येंच्या मुतानं गेला आसंल.”

ठकुबाईंच्या शेळ्या परसात जांभळाखाली बांधलेल्या असत. या घरात आल्यापासून मोहिनीनं त्या दुसरीकडं कुठं पाहिल्या नव्हत्या.

“कवा बांदल्या?” सोनबांनी विचारलं.

“तुमी पारावर गप्पा हाणाया जायचा तवा. आता शेळ्या कुठं बांदायच्या त्येबी तुमाला इचारू?”

पप्पू खदखदून हसला. “मावशी, फियाटला दावं बांधणाऱ्या तुमीच पयल्या!”

सोनबा बायकोकडं बघत राहिले. नव्यानं उघडलेल्या डोळ्यांनी बघत राहिले. ठकुबाईंचं सूप काही थांबलं नाही.

“बघा,” शेवटी ते म्हणाले. “समदी हयात म्या राखली, आन् हिच्या शेळ्यांनी मुतून खाल्ली.”

ग्राइंडर सुरू झाला. ठिणग्या उडाल्या तशी शिवानी किंचाळत आजीच्या पदराआड गेली. सडका तुकडा कापून निघाला तेव्हा त्याची चाळण झाली होती. पप्पूनं तो भंगारात टाकायला टेम्पोकडं नेला.

“ऱ्हाऊ दे,” सोनबा म्हणाले. “हिकडं आण.”

त्यांनी तो खाटेखाली सरकवला.

नवा पत्रा बसवताना मोहिनी भावाच्या कानाशी वाकली. “खाली पाण्याला भोक मोठं ठेव. दोन ठेव.”

“दोन? कशाला गं?”

“ठेव म्हणते ना.”

दसरा यायचाच होता. नारळ फुटायचाच होता. पाण्याला वाट असली म्हणजे झालं, एवढंच तिनं मनाशी ठरवलं होतं.

नंतरचे दिवस शेळ्यांना जड गेले. जाता-येता सोनबा जांभळाखाली थांबत. “काय गं ए, इंजान ऱ्हायलंय. त्ये कवा खाणार?” आजोबा म्हणाले की शिवानीही हातात काठी घेऊन त्यांच्यामागं जायची आणि दरडावायची, “गाडी खाती व्हय गं? गाडी?” थोरली शेळी रवंथ करत दोघांकडं आळीपाळीनं बघायची.

“म्हातारं येडं झालंय,” ठकुबाई म्हणत. पण दुपारचा चहा हल्ली हाक मारायच्या आधीच खाटेवर जायचा.

असाच एकदा चहा घेऊन मोहिनी गेली, तर सोनबा तो कापलेला तुकडा मांडीवर घेऊन बसले होते. एका भोकातून बोट आरपार घातलं होतं. मग तुकडा उन्हात धरला, उलटा केला, घडीच्या आत नखानं खरवडलं आणि निघालेला काथ्याचा धागा दोन बोटांत चोळत राहिले. मोहिनी पाऊल न वाजवता मागं सरली, आणि मुद्दाम कप-बशी वाजवत पुन्हा पुढं आली. तुकडा खाटेखाली गेला होता.

“कुठवर आलं काम?”

“उद्या रंग मारायचा, आबा.”

“सायीचा?”

“सायीचाच.”

त्यांनी मान हलवली. बोटं धोतराला पुसली. बशीत चहा ओतला आणि त्यावर फुंकर मारता मारता परसाकडं बघून, ठकुबाईंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, “ह्या शेळ्यांनी लई नुकसान केलं माझं!”

आतून उत्तर आलं, “मग इकून टाका त्यांला!”

“म्या कशाला इकू? ऱ्हाऊ देत. तुज्या हायत्या.”

रंग छान बसला. तापवून थंड केलेल्या दुधावर धरते तशीच साय. इंद्रजितनं आणि सोनबांनी मिळून इंजिन उघडलं, साफ केलं, एकमेकांवर ओरडले, पुन्हा जोडलं. एका सकाळी गाडी खोकली, थरथरली आणि चालू राहिली. शेजारची माणसं कुंपणाशी आली. सोनबा स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसून होते. गाडी जागची हलत नव्हती, तरी त्यांनी वळणावर देतात तसा हॉर्न दिला.

दसऱ्याला फियाट अंगणात उभी राहिली. मोहिनीनं झेंडूचा हार ओवला होता. सोनबांनी धुतलेलं धोतर नेसून पाट मांडला, बॉनेटवर कुंकवाचं बोट टेकवलं, हार घातला, उदबत्ती ओवाळली. मग नारळ घेतला आणि उजव्या दिव्यापाशी गेले.

मोहिनी पदराला हात पुसत उभी होती. हात कोरडे होते तरी पुसत होती. होऊ दे, ती मनात म्हणाली. टवका उडेल. उडू दे. रंग काय, पुन्हा मारता येतो.

सोनबा कोपऱ्यापाशी थांबले. खांद्यावरच्या पंच्याचं टोक घेऊन त्यांनी तिथला नसलेला डाग पुसला. मग वळले, नळाजवळच्या धुण्याच्या दगडापाशी गेले आणि नारळ तिथं फोडला. एकाच घावात. पाणी दगडावरून ओघळून अळूच्या मुळाशी गेलं.

“रंग वला हाय आजून,” ते कुणाकडंच न बघता म्हणाले.

रंग कधीच वाळला होता. इंद्रजितनं मोहिनीकडं पाहिलं. ठकुबाई पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी पदर नाकाशी नेला आणि तिथंच धरून ठेवला.

सोनबांनी सुरीनं खोबरं काढलं. देवाचा तुकडा बॉनेटवर हारापाशी ठेवला. शिवानीनं दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली होती. तिच्या डोक्यावरून हात फिरवून ते तिच्या बाजूनं पुढं गेले, परसात, जांभळाखाली. थोरल्या शेळीनं त्यांचा तळवा हुंगला आणि खोबरं उचललं. सोनबा तिच्या शिंगांच्या मुळाशी खाजवत राहिले.

“आवं, आदी पोरीला तरी द्या,” ठकुबाई म्हणाल्या. आवाज रोजचा नव्हता.

“देतो की. थांब जरा,” सोनबा म्हणाले आणि दुसरा तुकडा धाकट्या शेळीपुढं धरला.

शिवानी ओंजळ तशीच धरून बघत होती. मग तिनं आईचा पदर ओढला.

“आई, गाडी शेळ्यांनी खाल्ली ना? मग पयला प्रसाद त्यांनाच का?”